स्पॅनिशमध्ये भीती आणि भावना कशा बोलाव्यात: इंग्रजीचा वळसा टाळून

आपल्याकडे मिळणारी स्पॅनिशची बहुतेक पुस्तकं आणि अ‍ॅप इंग्रजीतून शिकवतात. त्यामुळे मराठी माणूस मनातलं वाक्य आधी इंग्रजीत नेतो आणि मग तिथून स्पॅनिशमध्ये. बाजारहाटाला, पत्ता विचारायला हे चालून जातं. भावनांच्या बाबतीत मात्र हा वळसा नडतो. इंग्रजीत 'मी' हा कर्ता, 'असणे' हे क्रियापद आणि पुढे एक विशेषण, असा साचा असतो. तो उचलून शिकणारा 'सोय मिएदो' म्हणतो, म्हणजे 'मी भीती आहे'.

स्पॅनिशमध्ये भीती हे नाम आहे. ती माणसाजवळ असते, किंवा एखादी गोष्ट ती माणसाला देते. 'मला भीती वाटते', 'मला लाज वाटते', 'मला कंटाळा येतो' असं दिवसभर बोलणाऱ्याला यात परकं काहीच नाही. म्हणून भावनेचं वाक्य मराठीतून थेट न्यावं. मराठीही काही ठिकाणी फसवते. त्या जागा पुढे जिथल्या तिथे सांगितल्या आहेत.

उच्चारांबद्दल थोडं: इथले स्पॅनिश शब्द लॅटिन अमेरिकेतल्या उच्चारांप्रमाणे लिहिले आहेत. त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत, ट-ड नाहीत. र्र दिसला की जीभ थरथरवायची. देवनागरीवरून स्पॅनिश लेखन ओळखता येणार नाही (एकच 'ब' दोन अक्षरांनी लिहितात, आणि 'आम्ब्रे'च्या आधी एक मुकं अक्षर असतं), तेव्हा वहीत शब्द उतरवताना शब्दकोश जवळ ठेवा.

पहिला साचा: 'तेंगो', माझ्याजवळ आहे

'तेंगो मिएदो' म्हणजे 'मला भीती वाटतेय'. 'तेंगो' हे 'तेनेर'चं, म्हणजे जवळ असणे या क्रियापदाचं, 'मी'चं रूप. तू: 'तिएनेस'. तो, ती, आदराचं 'तुम्ही': 'तिएने'. आम्ही: 'तेनेमोस'. ते: 'तिएनेन'. याच साच्यात आम्ब्रे (भूक), सेद (तहान), स्वेन्यो (झोप), फ्रीओ (थंडी), कालोर (उकाडा), प्रीसा (घाई), बेर्ग्वेन्सा (लाज) आणि सेलोस (मत्सर) बसतात.

इथली सर्वांत मोठी चूक 'खूप' या शब्दाची. विशेषणाआधी 'मुय' येतो आणि नामाआधी 'मुचो'. मिएदो नाम आहे, म्हणून 'तेंगो मुचो मिएदो'. 'मुय मिएदो' हे ऐकणाऱ्याला लगेच खटकतं. शिवाय 'मुचो' नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतो: मुचा आम्ब्रे, मुचा सेद, मुचा प्रीसा, मुचा बेर्ग्वेन्सा, पण मुचो स्वेन्यो, मुचो फ्रीओ. सेलोस अनेकवचनी असल्यामुळे मुचोस सेलोस. आपल्याला 'खूप' न बदलण्याची सवय, त्यामुळे हे सुटतं. 'केवढा उकाडा, केवढी घाई' मधला 'केवढा-केवढी' डोळ्यांपुढे ठेवला तर हात बसतो.

कशाची भीती हे सांगायचं असेल तर 'आ' किंवा 'दे' जोडतात. वस्तू, प्राणी, माणूस असेल तर 'आ' जास्त ऐकू येतो: 'ले तेंगो मिएदो आ मि खेफे', मला साहेबांची भीती वाटते. सुरुवातीचा 'ले' सोडू नका, बोलीत तो असतोच. अनेकवचन असेल तर 'लेस': 'लेस तेंगो मिएदो आ लोस पेर्रोस'. क्रिया असेल तर 'दे' सोपा पडतो: 'तेंगो मिएदो दे काएर्मे', पडण्याची भीती वाटते. दोन्हीकडे दुसरा शब्द वापरला तरी चूक धरत नाहीत, त्यामुळे यावर झोप उडवायची गरज नाही.

दुसरा साचा: 'मे दा', मला देतं

रोजच्या बोलण्यात हाच जास्त लागतो. 'मे दा मिएदो ला ओस्कुरिदाद': अंधार मला भीती देतो, म्हणजे मला अंधाराची भीती वाटते. कर्ता अंधार, मी नव्हे.

इथे मराठी एकदा फसवते. 'मला कुत्र्यांची भीती वाटते' यात क्रियापद 'भीती'प्रमाणे चालतं. कुत्रा एक असो की दहा, 'वाटते' तसंच राहतं. स्पॅनिशमध्ये भीती देणारे कुत्रे आहेत, म्हणून क्रियापद कुत्र्यांप्रमाणे: 'मे दान मिएदो लोस पेर्रोस'. इथे 'वाटणे' विसरून 'आवडणे' आठवा. मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात. आवडतो तिथे 'दा', आवडतात तिथे 'दान'. मागे क्रियापदाचं मूळ रूप असेल तर नेहमी 'दा': 'मे दा मिएदो बोलार', विमानात बसायची भीती वाटते.

दुसरी फसगत म्हणजे मराठीत नसलेलं ते छोटं उपपद. 'मे दान मिएदो पेर्रोस' असं म्हणता येत नाही. एकूण कुत्र्यांची जात अभिप्रेत असली तरी 'लोस' हवाच.

तिसरी गोष्ट 'ले'ची. 'माझ्या बहिणीला भीती वाटते' यात आपण 'ला' एकदाच लावतो. स्पॅनिशमध्ये ते काम दोनदा होतं: 'आ मि एर्माना ले दा मिएदो'. 'आ मि एर्माना' म्हटल्यावर 'ले' सांडतो, आणि वाक्य लंगडं पडतं. उलट 'आ मि एर्माना' गाळलं आणि कुणाबद्दल बोलतोय हे आधी आलं असेल, तर नुसता 'ले' पुरतो. बाकीची रूपं: मला मे, तुला ते, आम्हाला नोस, त्यांना लेस. स्पेनमध्ये 'तुम्हा मित्रांना' या अर्थी 'ओस' ऐकू येईल. लॅटिन अमेरिकेत तिथेही 'लेस'च.

उत्तर देताना मात्र मराठी कान पक्का कामाला येतो. कुणी 'मे दान मिएदो लास रातास' (उंदरांची भीती वाटते) म्हटलं तर 'मला पण' म्हणायचं असतं, 'मी पण' नव्हे: 'आ मी ताम्बिएन'. 'तेंगो मिएदो' म्हटलं तर 'यो ताम्बिएन'. 'मलाही नाही' हे 'आ मी ताम्पोको', आणि 'मला मात्र वाटते' हे 'आ मी सी'. इंग्रजीमार्गे आलेला विद्यार्थी सगळीकडे 'यो ताम्बिएन' म्हणून मोकळा होतो.

या साच्यात मिएदो काढून दुसरी नामं बसवली की बोलण्याचा पल्ला एकदम वाढतो: मे दा आस्को (किळस येते), मे दा राबिया (चीड येते), मे दा रीसा (हसू येतं), मे दा एन्बिदिया (हेवा वाटतो), मे दा पेरेसा (कंटाळा येतो, उठावंसं वाटत नाही, मेक्सिकोत याला फ्लोखेरा म्हणतात). काही क्रियापदं 'दा'शिवायच याच चालीने चालतात: मे प्रेओकुपा (काळजी वाटते), मे मोलेस्ता (त्रास होतो), मे एन्कान्ता (फार आवडतं), मे आबुर्रे (कंटाळा आणतं). यांनाही अनेकवचनात 'न' लागतो: मे प्रेओकुपान लोस एक्सामेनेस.

विशेषणं: 'सोय' की 'एस्तोय'

दोन्हींचा अर्थ 'मी आहे', पण आत्ताची अवस्था असेल तर एस्तोय, स्वभाव असेल तर सोय. 'एस्तोय नेर्बिओसो', सध्या जीव धास्तावलाय. 'सोय नेर्बिओसो', स्वभावच घाबरट. यातली एक जोडी जपून वापरावी: 'एस्तोय आबुर्रिदो' म्हणजे मी कंटाळलोय, पण 'सोय आबुर्रिदो' म्हणजे मीच कंटाळवाणा आहे. मुलाखतीत हे दुसरं तोंडून गेलं तर समोरचा हसू दाबेल.

लिंगाचा एक खास मराठी घोटाळा आहे. आपल्याकडे 'आ'कारान्त विशेषण पुल्लिंगी: दमलेला, घाबरलेला. स्पॅनिशमध्ये 'ओ' पुल्लिंगी आणि 'आ' स्त्रीलिंगी: कान्सादो-कान्सादा, आसुस्तादो-आसुस्तादा. बाई बोलत असेल तर तिने 'एस्तोय कान्सादा'च म्हणायला हवं. शिक्षक पुरुष असेल आणि विद्यार्थिनी त्याचं वाक्य जसंच्या तसं पाठ करत असेल, तर ती हटकून 'कान्सादो' म्हणते. त्रिस्ते (उदास) आणि फेलीस (सुखी) दोघांना सारखेच.

'सेन्तीर' म्हणजे जाणवणे. विशेषण असेल तर 'मे' लागतो: 'मे सिएन्तो सोलो', एकटं वाटतंय. नाम असेल तर 'मे' नको: 'सिएन्तो मिएदो'. बरोबर आहे, पण जरा पुस्तकी. गप्पांमध्ये 'तेंगो' बरं. 'मे सिएन्तो' चा दुसरा अर्थ 'मी बसतो' असाही होतो, कारण बसण्याच्या क्रियापदाचं रूपही तेच. संदर्भावरून कळतं, गोंधळू नका.

घडून गेलेली भीती

इंग्रजीतून शिकणाऱ्याला भूतकाळाची दोन रूपं वर्षभर छळतात. मराठीत ती जोडी तयारच आहे: 'वाटत होती' आणि 'वाटली'. मला अंधाराची भीती वाटत होती, वाटायची: 'मे दाबा मिएदो ला ओस्कुरिदाद'. त्या रात्री भीती वाटली: 'मे दिओ मिएदो'. तेनेरमध्ये हीच जोडी तेनीया आणि तुबे. अनेकवचन दाबान आणि दिएरोन: 'मे दिएरोन मिएदो लोस त्रुएनोस', ढगांच्या गडगडाटाची भीती वाटली.

दचकणं वेगळं. त्याला 'आसुस्तार्से': 'मे आसुस्ते', मी दचकलो किंवा दचकले. शेवटच्या 'ते'वर जोर हवा. 'मे आसुस्ता' मध्ये मात्र जोर 'सुस'वर, आणि अर्थ 'मला घाबरवतं'. मिएदो रेंगाळते, सुस्तो क्षणात येऊन जातो. मागून येऊन कुणी भॉक केलं तर 'के मिएदो' नव्हे, 'के सुस्तो!' त्या माणसाला झापायचं असेल तर लॅटिन अमेरिकेत 'के सुस्तो मे दिस्ते!', स्पेनमध्ये 'के सुस्तो मे आस दादो!'

भावना अचानक पालटली तर 'पोनेर्से': 'मे पुसे नेर्बिओसा' (मी अस्वस्थ झाले), 'से पुसो त्रिस्ते' (तो उदास झाला). धक्क्याने जागच्या जागी थिजलं तर 'केदार्से': 'मे केदे एलादो', गारठलोच.

'के' जोडल्यावर: इथे सावकाश चला

ही पायरी भाषापातळ्यांच्या युरोपीय चौकटीतल्या बी-1 या मधल्या पातळीला येते, आणि दुरुस्त्या सर्वांत जास्त इथेच होतात.

आधी पाहा, भिणारा आणि पुढची क्रिया करणारा एकच आहे का. एकच असेल तर 'के' (म्हणजे 'की') नको, मूळ रूप पुरतं: 'तेंगो मिएदो दे पेर्देर एल त्रेन', माझी गाडी चुकेल अशी भीती. वेगळे असतील तर 'के' आणि त्याच्यामागे क्रियापदाचं संभाव्यरूप (इंग्रजी पुस्तकांतलं 'सब्जंक्टिव्ह'): 'तेंगो मिएदो दे के पिएर्दास एल त्रेन', तुझी गाडी चुकेल अशी भीती.

मराठीचा सापळा नेमका इथे आहे. आपण 'तो पडेल अशी भीती वाटते' म्हणतो, भविष्यकाळ वापरतो. त्याच धाटणीने 'मे दा मिएदो के से काएरा' तयार होतं आणि ते चुकीचं आहे. भावनेच्या 'के'मागे भविष्यकाळ येत नाही. बरोबर वाक्य: 'मे दा मिएदो के से काइगा'. पडणं उद्याचं असो वा आत्ताचं, रूप तेच.

रूप असं तयार करा. वर्तमानातलं 'मी'चं रूप घ्या, शेवटचा 'ओ' काढा. 'आर'वाल्या क्रियापदांना 'ए' लावा, 'एर' आणि 'ईर'वाल्यांना 'आ'. तेंगो, तेंगा. साल्गो, साल्गा. काइगो, काइगा. येगो, येगे. सहा क्रियापदं या नियमात बसत नाहीत, ती पाठच करायची: दे (देणे), एस्ते आणि सेआ (दोन्ही 'असणे'), आया (साहाय्यक), बाया (जाणे), सेपा (माहीत असणे).

मुख्य वाक्य भूतकाळात गेलं की हेही मागे सरकतं: 'मे दाबा मिएदो के येगारा तार्दे', तो उशिरा पोचेल अशी भीती वाटत होती. यासाठी 'ते'चं साधं भूतरूप घ्या (येगारोन, तुबिएरोन, फुएरोन), 'रोन'ऐवजी 'रा' लावा: येगारा, तुबिएरा, फुएरा.

'के'च्या आधी 'दे' कधी? पुढच्या सगळ्या वाक्याच्या जागी 'एसो' (ते) ठेवून बघा. 'तेंगो मिएदो दे एसो' असं म्हणतात, म्हणून 'दे के'. 'मे दा मिएदो एसो' म्हणतात, म्हणून नुसता 'के'. याच कसोटीने 'मे आलेग्रो दे के' पण 'मे आलेग्रा के'. दोन्हींचा अर्थ 'आनंद वाटतो की', आणि दोन्हींच्या मागे संभाव्यरूप.

तीन अपवाद मात्र रोज भेटतात. 'मे तेमो के' हे खऱ्या भीतीचं नसून वाईट बातमी सौम्यपणे सांगण्याचं वाक्य आहे, म्हणून साधं रूप: 'मे तेमो के नो आय एन्त्रादास', तिकिटं नाहीत बहुतेक. 'मेनोस माल के येगास्ते', बरं झालं तू आलास, इथेही साधं. आणि 'सिएन्तो के' दोन्हींकडे झुकतो: साधं रूप आलं तर 'मला वाटतं की', संभाव्यरूप आलं तर 'वाईट वाटतं की'. 'सिएन्तो के एस्तेस एन्फेर्मो', तू आजारी आहेस याचं वाईट वाटतं.

सरावासाठी एकच भीती घ्या आणि ती सगळ्या साच्यांतून फिरवा. समुद्राची घेऊ:

- ले तेंगो मिएदो आल मार. समुद्राची भीती वाटते.
- मे दान मिएदो लास ओलास. लाटांची भीती वाटते.
- मे दा मिएदो नादार. पोहायची भीती वाटते.
- मे दा मिएदो के मि इखो नादे सोलो. मुलगा एकटा पोहतो याची भीती वाटते.
- दे नीन्या मे दाबा मिएदो एल मार. लहानपणी समुद्राची भीती वाटायची (पुरुष 'दे नीन्यो' म्हणेल).
- उना ओला मे आसुस्तो. एका लाटेने घाबरवलं.
- मे दाबा मिएदो के मि इखो नादारा सोलो. मुलगा एकटा पोहेल अशी भीती वाटत होती.

मग समुद्र काढून सुई, परीक्षा, साप, मुलाखत घाला. चौथं आणि सातवं वाक्य न अडखळता आलं की ही पायरी पक्की झाली.

फसवे शब्द

इंग्रजीशी तोंडवळा जुळतो आणि घात होतो. 'एम्बारासादा' म्हणजे ओशाळलेली नव्हे, गरोदर. लाज वाटली तर 'मे दा बेर्ग्वेन्सा'. (गोव्यात ज्यांना पोर्तुगीज येतं त्यांनी जास्त जपावं: पोर्तुगीजमध्ये याच तोंडवळ्याचा शब्द खरोखरच ओशाळलेपणासाठी आहे.) 'एक्सितादो' आणि 'एस्तोय कालिएन्ते' या दोन्हींना कामुक अर्थ आहे. उत्सुकतेसाठी 'एस्तोय एमोसिओनादो', स्पेनमध्ये 'मे आसे इलुसिओन' आणि उकडत असेल तर 'तेंगो कालोर'. 'सेन्सिब्ले' म्हणजे समंजस नव्हे, हळवा. 'देसेप्सिओन' म्हणजे फसवणूक नव्हे, अपेक्षाभंग. 'दिस्गुस्तो' म्हणजे किळस नव्हे, मनस्ताप. 'कोन्स्तिपादो' स्पेनमध्ये सर्दी झालेला.

देशागणिक फिरणारा शब्द म्हणजे 'पेना'. स्पेनमध्ये 'मे दा पेना' म्हणजे वाईट वाटतं, कीव येते. मेक्सिको, मध्य अमेरिका, कोलंबिया इथे त्याचा अर्थ संकोच वाटतो, लाज वाटते. रागावलेला माणूस स्पेनमध्ये 'एन्फादादो', पलीकडे 'एनोखादो'. पण हे दोन्ही सगळीकडे समजतात.

कमी-जास्त

थोडी भीती: 'उन पोको दे मिएदो'. बरीच: 'बास्तान्ते मिएदो'. भयंकर: 'मुचीसिमो मिएदो', किंवा शब्दच बदलून पानिको, तेर्रोर, पाबोर. स्पेनमध्ये 'मे दा रेस्पेतो एल मार' असंही म्हणतात: भीती नाही, पण जरा जपूनच. 'मे मुएरो दे मिएदो', भीतीने जीव जातोय. 'से मे पुसो ला पिएल दे गायिना', अंगावर काटा आला. शब्दशः कोंबडीची कातडी. आपल्या काट्यासारखीच ती थंडीने, भीतीने आणि सुंदर गाण्यानेही येते. पण 'एस उन गायिना' म्हटलं तर तो भित्रा ठरतो.

समोरच्याला धीर देताना

'नो तेंगास मिएदो', घाबरू नकोस. 'नो ते प्रेओकुपेस', काळजी करू नकोस. 'नो ते आसुस्तेस', दचकू नकोस. 'या पासो', झालं, गेलं ते. वडीलधारे, रुग्ण, अनोळखी माणूस यांना 'उस्तेद'ची, म्हणजे आदराच्या 'तुम्ही'ची, रूपं: 'नो तेंगा मिएदो', 'नो से प्रेओकुपे', 'नो से आसुस्ते'. 'नो'मागची ही सगळी वर शिकलेली संभाव्यरूपंच आहेत, वेगळं काही पाठ करायचं नाही. 'त्रांकिलो' पुरुषाला, 'त्रांकिला' बाईला. चिडलेल्या माणसाला मात्र हा शब्द आणखी चिडवतो.

'नो पासा नादा', काही बिघडत नाही, हे चहा सांडला किंवा कुणी उशिरा आलं तर ठीक. कुणाच्या घरी मृत्यू झाला असेल तिथे ते अजिबात वापरू नये. तिथे 'लो सिएन्तो मुचो' पुरेसं आहे. अधिक औपचारिक हवं तर मित्राला 'ते आकोम्पान्यो एन एल सेन्तिमिएन्तो' आणि मोठ्यांना 'ले आकोम्पान्यो'. शोकपत्रात 'मि मास सेन्तिदो पेसामे' लिहितात.